तापमापकावरचा वाद

तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पसरलेल्या रावेर, यावल आणि चोपडा या तालुक्यांत मे महिन्यातली केळीबाग पाहवत नाही. कोरड्या, तापलेल्या वाऱ्याने पानांच्या कडा करपतात आणि निसवलेल्या झाडावरचा घड दांड्याशी मऊ पडून सटकतो. वर्षभर खत-पाणी दिलेल्या बागेत असे घड ओळीने पडलेले दिसले, की बागायतदार आधी विचारतो, तापमान किती नोंदवले गेले?

त्याला कारण आहे. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत उष्णतेच्या नुकसानीचे पैसे पडलेले घड मोजून ठरत नाहीत. महसूल मंडळातल्या हवामान केंद्राने सलग ठरावीक दिवस ठरावीक अंशांच्या वर तापमान नोंदवले, तरच भरपाई लागू होते. असे स्वयंचलित केंद्र म्हणजे तारेच्या कुंपणात लोखंडी खांब, त्यावर वाऱ्याने फिरणाऱ्या वाट्या, लहानसे सौर पॅनेल आणि एकावर एक रचलेल्या पांढऱ्या बशांच्या आत, सावलीत बसवलेला सेन्सर. भुसावळच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीतला जो आकडा मोबाइलवर फिरतो, तो याहून बराच जास्त असतो, कारण त्यात डांबराची आणि पत्र्याची धग मिसळलेली असते. हवेचे तापमान सावलीतच मोजायचे असते. तरीही केंद्राशेजारी झाड वाढले आहे का, यंत्र नीट चालते का, आपले शिवार तिथून किती लांब आहे, हे प्रश्न गावकरी विचारतात, आणि ते त्यांनी विचारलेच पाहिजेत. एका अंशाच्या फरकाने कोणाला पैसे मिळतात आणि कोणाचे वाचतात, हे इथे सर्वांना ठाऊक आहे.

हवामानबदलावर जगभर चाललेल्या वादाकडेही खान्देशाने याच नजरेने पाहावे, असे आम्हाला वाटते. मोजले कोणी, ते दुसऱ्याला तपासता येते का, आणि आकडा बदलला तर फायदा कोणाचा?

हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी तापेल, हे गणित स्वीडनच्या स्वान्ते अरेनियस यांनी 1896 साली मांडले. 1958 पासून हवाई बेटांवरील मौना लोआ येथे हा वायू नियमितपणे मोजला जातो. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे 315 भाग होता. आज 420 च्या वर आहे. ही नोंद कोणालाही पाहता येते, आणि इतर ठिकाणची स्वतंत्र केंद्रेही हीच वाढ दाखवतात. राहिला फायद्याचा प्रश्न. एक्झॉन या तेलकंपनीच्या शास्त्रज्ञांनी 1977 पासून केलेले तापमानवाढीचे अंदाज ‘सायन्स’ या नियतकालिकात 2023 साली पडताळून प्रसिद्ध झाले, आणि त्यांतले बहुतेक बरोबर निघाले. त्याच काळात ही कंपनी लोकांपुढे मात्र या विज्ञानाविषयी शंका मांडत होती. उत्तर हाती असताना शंका पेरणे याला मतभेद म्हणता येणार नाही. ती फसवणूक आहे.

दुसऱ्या बाजूची चूकही झाकता कामा नये. हिमालयातील हिमनद्या 2035 पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक मंडळाने 2007 च्या अहवालात वर्तवली होती, आणि तो आकडा शास्त्रीय छाननी न झालेल्या स्रोतातून आला होता. नोव्हेंबर 2009 मध्ये भारताच्या पर्यावरण मंत्रालयाने भूशास्त्रज्ञ व्ही. के. रैना यांचा वेगळे मत मांडणारा निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा मंडळाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याची हेटाळणी केली. जानेवारी 2010 मध्ये मंडळाला त्या आकड्याबद्दल खेद व्यक्त करावा लागला. ती हेटाळणी आम्हाला मूळ चुकीपेक्षा अधिक गंभीर वाटते, कारण प्रश्न विचारणाऱ्याला झिडकारले की पुढे खऱ्या नोंदीवरही लोकांचा विश्वास बसत नाही. मात्र एक साल चुकले म्हणून हिमनद्यांचे वितळणे खोटे ठरले नाही.

भार कोणी उचलायचा, हा वाद मात्र खराखुरा राजकीय आहे आणि तो कोणत्याही यंत्राने मिटणारा नाही. एका भारतीयामागे वर्षाला सुमारे 2 टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तर एका अमेरिकनामागे 14 टनांच्या आसपास. पर्यावरण अभ्यासक अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी 1991 सालीच या विषमतेवर बोट ठेवले होते. भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीजकेंद्रात कोळसा जळतो आणि साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा आहे. कोळशावर पोट असलेल्यांचे पुढे काय करायचे, हे खान्देशालाही ठरवावे लागेल. पण तापमान वाढतच नाही, असे म्हणणाऱ्याला ही बाजू मांडता येत नाही. जे नुकसान झालेच नाही असे आपण म्हणतो, त्याची भरपाई मागायची कोणाकडे?

यंदाचा अमुक घड हवामानबदलानेच सटकला, असे कोणताही प्रामाणिक शास्त्रज्ञ सांगणार नाही. बागेला पाणी किती मिळाले, बांधावर वारा अडवणारे कुंपण होते का, लागवड मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची होती, की कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्यानंतरची, यावरही ते अवलंबून असते. म्हणूनच प्रत्येक महसूल मंडळाची रोजची नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे, आणि केंद्राची तपासणी होईल तेव्हा शिवारातले शेतकरी तिथे हजर असले पाहिजेत.