मालवणीत शिवी म्हणजे प्रेम? आधी हे बघा

नमस्कार मंडळी. आज शिव्यांवर बोलायचंय. लहान मुलं शेजारी बसली असतील तर हेडफोन लावा. अगदी घाण शब्द मी उच्चारणार नाही, पण विषयच असा आहे की दोन-चार येणारच.

आज हा विषय का, तर मागे रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीचा, व्हिडिओ टाकला होता. त्यात किनाऱ्यावरचे एक आजोबा माझ्या भावाला, म्हणजे कॅमेरा धरणाऱ्याला, ओरडतात, "खंय होतंस रे मेल्या इतके दिस?" एवढंच वाक्य. त्याखाली काही जणांनी लिहिलं, ताई, असलं कशाला दाखवता, घरात पोरं बघतात. आणि त्यांना बाकीच्यांनी उत्तर दिलं, मालवणीत शिवी म्हणजे प्रेम, तुम्हा शहरवाल्यांना कळायचं नाही. ही दुसरी कमेंट माझ्या प्रत्येक व्हिडिओखाली येते. आणि मला पहिल्या कमेंटपेक्षा हिचाच जास्त राग येतो. का, ते आज सांगते.

आधी कायद्याचं भराभर उरकू, कारण "शिवी दिली तर केस होते का" हे कोणीतरी विचारतंच. होऊ शकते. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. सार्वजनिक जागी लोकांना त्रास होईल असे अश्लील शब्द बोललात तर कलम 296, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. समोरच्याने भडकून शांतता मोडावी अशा हेतूने मुद्दाम अपमान केलात तर कलम 352, दोन वर्षांपर्यंत. बाईच्या विनयाचा अपमान करायला काही बोललात तर कलम 79, तीन वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड. आणि हेही खरं, की मार्च 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वेब मालिकेच्या खटल्यात सांगितलं, शिवराळ भाषा असभ्य असेल, पण तेवढ्यानेच ती अश्लील ठरत नाही. झालं. वयस्क माणसांसमोर, देवळात, शाळेत, ऑफिसात तोंड सांभाळा, हे तर तुम्हाला मी सांगायला नको.

आता मुद्द्यावर येते. शिवी चालते की नाही हे शब्दावरून ठरत नाही. ऐकणाऱ्याला ती परत देता येते का, यावरून ठरतं. त्या जागी, त्या क्षणी, त्याच आवाजात. एवढी एकच गोष्ट तपासा.

रापण बघितली असेल तुम्ही. एक होडी जाळं टाकत अर्धगोल फिरून येते आणि मग किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढतात. मिळेल त्या मासळीचे वाटे पडतात. ओढताना तोंडं अखंड चालू असतात. "ओढ रे मेल्या, सकाळी जेवलंस नाय काय?" असं पलीकडचा ओरडतो, आणि इकडून लगेच त्याच्या आवशीच्या घोवाचा, म्हणजे आईच्या नवऱ्याचा, उद्धार होतो. कॉलेजातला पोरगा सत्तरीच्या माणसाला बोलतो, तो म्हातारा त्याच्या दुप्पट बोलतो, आणि दोर पुढे सरकतो. कोणाचं तोंड पडत नाही, कारण दोर सगळ्यांच्या हातात आहे आणि वाट्यावर हक्क सगळ्यांचा आहे. हे प्रेम आहे म्हणाल तर मी मान्य करते.

त्यातलाच एक माणूस पुढे कोणाच्या तरी मोठ्या यांत्रिक बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, म्हणून लागतो. बोटीवर खलाशी आहे नेपाळचा. आता रत्नागिरीपासून मालवणपर्यंत कितीतरी बोटींवर नेपाळी पोरं आहेत, आंब्याच्या बागांत राखणीलाही तीच आहेत. तांडेल त्याला तोच शब्द देतो, त्याच सुरात. पोरगा काय म्हणतो? "हो शेठ." खाली मान घालून. मी धक्क्यावर उभी राहून ऐकलंय हे. तांडेलाला विचारलं, तर म्हणाला, आमच्यात असंच बोलतात, त्याला सवय आहे. सवय आहे म्हणजे काय? त्याने एकदा तरी तुम्हाला "तुझ्या आवशीचो घोव" म्हटलंय का? म्हटलं तर दुसऱ्या दिवशी तो बोटीवर असेल का? नसेल, तर ते प्रेमबीम काही नाही. ज्याचा पगार तुमच्या हातात आहे त्याला दिलेली शिवी म्हणजे मारायला उगारलेला हात आहे.

इथे कमेंटमध्ये कोणीतरी लिहिणारच, "ताई, पण आमची आजी सगळ्यांना द्यायची." माझीही द्यायची. कोंबडीला, कावळ्याला, माझ्या बापाला, आमदाराला. पण तिचं नीट ऐकलं तर एक गोष्ट लक्षात यायची. लावणीला शेतात मजुरीवर बायका यायच्या, त्यांना ती कधीच शिवी द्यायची नाही. त्या सगळ्या "बाय". "बाय, पेज घेतलंस गो?" आम्हा नातवंडांना दिवसभर "मेल्यांनो". एकदा माझा धाकटा चुलतभाऊ, पाच-सहा वर्षांचा, उलटून म्हणाला, "तूच मेली!" आजी पोट धरून हसली आणि आल्यागेल्याला आठवडाभर ते सांगत होती. तिच्या लेखी देवाणघेवाण चालू होती. ज्या घरात असं उलट बोललेल्या पोराला थोबाडीत बसते, त्या घरातली शिवी वेगळी. शब्द तोच असला तरी.

आणि आजी खरी रागावली की काय करायची ठाऊक आहे? शिवी बंद. सरळ अहो-जाहो. शेजाऱ्याशी बांधावरून वाद झाला होता, वीतभर जागेचा, कोकणात बांधाचे वाद कसे असतात ते तुम्हाला माहीत आहे. एरवी ज्याला ती पडवीतून "मेल्या, ये मरे चायेक" म्हणून हाक मारायची, त्याला त्या दिवशी म्हणाली, "तुमका काय सांगूचा हा ता वकिलाकडे सांगा." आमच्या घरात सगळे गप्प झाले. मेल्या म्हणायचं बंद झालं म्हणजे संबंध तुटले, हे आम्हा पोरांनाही कळायचं.

आता जी शिवी सगळ्यात जास्त ऐकू येते तिच्याकडे येते. आईवरून, बहिणीवरून. "ताई, ती तर आता सगळेच वापरतात, अर्थ कोण घेतो" ही कमेंट मला पाठ आहे. माझी तीच कसोटी लावा. भांडण दोन पुरुषांचं. शिवी कोणाला बसते? जी तिथे नाहीच, तिला. ती घरी भाकरी थापतेय. तिला परत देता येते का? तिला तर कळलंही नाही.

हे आजकालचं नाही. आपल्या उत्तर कोकणावर शिलाहारांचं राज्य होतं. त्या काळातले दगड ठाणे-रायगड भागात बरेच सापडलेत, गधेगाळ म्हणतात त्यांना. वर सूर्य-चंद्र, मध्ये राजाचं दानपत्र, आणि खाली गाढव आणि बाई यांचं शिल्प. दान दिलेली जमीन कोणी बळकावली, तर त्याच्या आईचं असं होवो, हा शाप. अपरादित्य राजाचा 12व्या शतकातला परळचा शिलालेख आहे, त्यात हे मराठीत शब्दांत कोरलंय, आईचा आणि गाढवाचा उल्लेख करून. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा सुन्न झाले. आज्ञा मोडणारा पुरुष, शिक्षा त्याच्या आईला, आणि तीही राजाच्या हुकमाने दगडात. आठशे वर्षं उलटून गेली, आणि एसटी स्टँडवर आपली पोरं अजून तेच करतायत. जुनं आहे म्हणून ते आपली संस्कृती म्हणून मिरवू नका, एवढीच विनंती.

बायकांचा विषय निघालाच आहे तर रील्सवर बोलते, कारण सध्या हेच चाललंय. मासळी बाजारात जायचं, एखाद्या म्हाताऱ्या मासेवालीसमोर उभं राहायचं, मुद्दाम सुरमईचा भाव बांगड्याइतका सांगायचा, तिला डिवचत राहायचं, ती चिडून चार शब्द बोलली की मोबाईल चालूच असतो. वर मथळा, "मालवणी आजीच्या प्रेमळ शिव्या". लाखांनी बघितलं जातं. ती बाई पहाटेपासून बंदरावर लिलावात उभी असते, बर्फाचे पैसे, टेम्पोचे पैसे, न विकलेल्या मासळीची काळजी. बाजारात तिची जीभ हे तिचं राखण आहे. भाव पाडणाऱ्याला, अंगचटीला येणाऱ्याला ती तोंडाने लांब ठेवते. तिथे तिची शिवी बरोबरीची आहे, गिऱ्हाईक तिला उलट बोलू शकतं, बोलतंही. पण रीलमध्ये? लाखो लोक तिला हसतात, खाली काय काय लिहितात, आणि तिला त्यातल्या एकालाही परत देता येत नाही. तिला विचारलेलं नाही, पैसे दिलेले नाहीत. मला या चॅनलसाठी असा व्हिडिओ करायला किती जणांनी सांगितलं! मी करणार नाही. आणि असे रील मला पाठवूही नका.

दुसरी एक गोष्ट, जिच्यावर मी वाद घालत नाही. जातीचं नाव घेऊन दिलेली शिवी. गावात काही वाक्प्रचार असे रुळलेत की बोलणाऱ्याला वाटतं, सहज म्हटलं. ऐकणाऱ्याला पिढ्यानपिढ्या परत बोलायची सोय नव्हती, म्हणून तर ती "सहज" झाली. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989चा आहे. लोकांसमोर जातीवरून शिवीगाळ केली तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. मित्र असला तरी, मस्करी असली तरी, शिमगा असला तरी नाही म्हणजे नाही.

मग कोणालाच न बसणारी शिवी? ती असते. शिंगाळा माशाचा काटा बोटात घुसला की तोंडातून जे निघतं ते. त्यावर अभ्यास झालाय. 2009 साली इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात लोकांना बर्फगार पाण्यात हात बुडवायला सांगितला. शिवी पुटपुटणाऱ्यांना साधा शब्द म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ हात ठेवता आला. त्याच गटाने 2011मध्ये पुढचं दाखवलं, की ज्यांच्या तोंडी रोजच शिव्या असतात त्यांना हा फायदा कमी होतो. म्हणजे वाक्यागणिक "आवशीक खाव" म्हणणाऱ्यांनी काटा लागल्यावरच्या वेळेसाठी थोडं शिल्लक ठेवावं.

एका ताईंची कमेंट वाचते. पुण्याच्या आहेत, लग्न होऊन कुडाळकडे आल्यात. लिहितात, "सासरे माझ्या नवऱ्याला चारचौघांत शिव्या देतात, तो हसतो. परवा मलाही एक दिली. सगळे म्हणाले, आता तू घरातली झालीस. मला रडू आलं. मी चुकीची आहे का?" नाही ताई, अजिबात नाही. तुमचा नवरा हसतो कारण तो उलट बोलू शकतो आणि बोलतही असणार. तुम्हाला तिथे उलट बोलता आलं असतं का? सासऱ्यांना? नवी सून? तर मग तुम्ही अजून त्या खेळात नाही, आणि तुम्हाला ओढून खेळात घ्यायचा हक्क कोणाला नाही. नवऱ्याकरवी सांगा, नाहीतर स्वतः सांगा, "बाबा, माका ह्या चालाचा नाय." मालवणीतच सांगा, लवकर पोचतं. एखादा चांगला सासरा तेवढ्यावर समजून घेतो. आमच्या वाडीत घेतलेलं मी बघितलंय.

आणि गणपतीला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांनो, तुमची मुलं रील बघून आमच्या म्हाताऱ्यांना "काय रे मेल्या" म्हणतात आणि तुम्ही टाळ्या वाजवता. ज्या आजोबांनी त्या मुलाला अजून एकदाही शिवी दिलेली नाही, त्यांना तो पहिली देतोय. ते पाहुणा म्हणून गप्प बसतात. आधी त्यांच्याशी दोन दिवस बोलू दे, त्यांच्याबरोबर गुरांच्या वाड्यात जाऊ दे. शब्द नंतर आपोआप येतील, कोणाला कुठला ते त्याला स्वतःलाच कळेल.

शेवटचं, शिमगा. "मग शिमग्यात कसं चालतं?" हे विचारणारे बरेच आहेत. फाकपंचमीपासून, म्हणजे फाल्गुन शुद्ध पंचमीपासून, पौर्णिमेपर्यंत फाका घालतात, म्हणजे शिवराळ आरोळ्या देतात, बोंबा मारतात, गावातल्या मोठ्यातल्या मोठ्या माणसाच्या नावाने ओरडतात. एरवी ज्याच्यासमोर तोंड उघडता येत नाही त्याला त्या दिवसांत परत देता येते, आणि त्याने मनाला लावून घ्यायचं नसतं. पण तिथेही मर्यादा आहेत, आणि त्या कुठे लिहिलेल्या नाहीत. आमच्या वाडीत ज्या घरात वर्षभरात कोणी गेलं असेल त्या घरासमोरून पोरं गप्प जातात. एकट्या राहणाऱ्या बाईच्या दारात ओरडत नाहीत. आणि पालखी आली की तीच तोंडं देवापुढच्या गाऱ्हाण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायला उभी राहतात.

प्रत्येक गावाचे हे नियम वेगळे आहेत आणि ते म्हाताऱ्यांच्या डोक्यातच आहेत. म्हणून आज कमेंटमध्ये एवढंच लिहा: तुमच्या गावात शिमग्याला कोणाच्या दारात फाका घालत नाहीत? गावाचं आणि तालुक्याचं नाव टाका, माणसाचं टाकू नका. आलेली उत्तरं घेऊन पुढचा व्हिडिओ करते.