टेकडीवरचा ओटीपी

(दृश्य: पालघर जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यातली उघडी टेकडी. मोबाइल डोक्यावर धरून उभा असलेला तरुण.)

मे 2021, पहिला आठवडा. हा मुलगा फोटो काढत नाहीये, रेंज शोधतोय. खाली पाड्यावर रेंज नाही. इथे या दगडावर उभं राहिलं की दोन काड्या दिसतात. वारा असला की एकच, असं तो म्हणतो.

1 मेपासून 18 ते 44 वयाच्यांना कोरोनाची लस खुली झाली, पण नोंदणी फक्त ऑनलाइन. कोविन, म्हणजे सरकारचं लसनोंदणीचं पोर्टल, उघडायचं, मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपीची वाट बघायची. ओटीपी चालतो तीन मिनिटं. इथे मेसेज कधीकधी पाच मिनिटांनी येतो. की पुन्हा पहिल्यापासून. जमलंच, तर ओळखपत्राचा नंबर, नाव, जन्मसाल. मग पिनकोड, केंद्र, तारीख. सगळं इंग्रजीत, मराठी आली जूनमध्ये. वर एका नंबरवर चारच माणसं. या पाड्यावर चालू स्मार्टफोन दोन. करा हिशेब.

(दृश्य: लसीकरण केंद्राबाहेरच्या गाड्या. कॅमेरा नंबरप्लेटवरून सरकतो.)

पालघरचा नंबर एमएच 48. इथे बघा: 01, 02, 04. मुंबई, ठाणे. स्लॉट उघडले की डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपायचे. ज्याचं नेट जोरात, त्याची लस. कोविन पिनकोड विचारायचं, रेशनकार्ड नाही; त्यामुळे अंधेरीत बसून आदिवासी पाड्याजवळचं केंद्र निवडता यायचं. नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं. शहरात लस मिळत नव्हती, त्यांनाही जिवाची भीती होतीच. गाडीतल्या बाईंनी आशाताईंकडे, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीकडे, पाणी मागितलं, तेही आम्ही कापलेलं नाही.

(दृश्य: कुंपणाला टेकून बसलेल्या बायका.)

या इथल्याच. नोंदणी नाही, म्हणून रांगेत नाहीत.

(दृश्य: आशाताईंची वही, जवळून.)

पोलिओच्या डोसाला ही वही पुरायची. घर, माणसं, वय, सगळं हातानं लिहिलेलं. कोणत्या घरातली सून बाळंतपणाला माहेरी गेलीय, तेसुद्धा. कोविनमध्ये या वहीला जागा नव्हती.

24 मेला केंद्रानं थेट नोंदणीची मुभा दिली, निर्णय राज्यांवर सोडून. 31 मेला सुप्रीम कोर्टानं या डिजिटल दरीचा जाब विचारला. तोवर दुसऱ्या लाटेनं न्यायची ती माणसं नेली होती.

(दृश्य: पुन्हा टेकडी. तरुण उतरू लागलाय. खिशात फोन वाजतो.)

ओटीपी आला. मघाचा.