चार्जर लहान का झाला?

[दृश्य : टेबलावर शेजारी शेजारी तीन चार्जर.]

डावीकडचा काळा ठोकळा म्हणजे जुना एलिमिनेटर. टेपरेकॉर्डरच्या सेलचा खर्च वाचावा म्हणून घरोघरी असायचा. हातात घेतला की जड लागतो, आणि देतो जेमतेम चार-पाच वॅट. मधला नेहमीचा, मोबाइलबरोबर येणारा. उजवीकडचा पांढरा एलिमिनेटरपेक्षा लहान आहे, पण देतो 65 वॅट. त्यावर लॅपटॉप चालतो.

मोबाइलच्या जाहिरातीत बॅटरीचे आकडे ठळक छापतात. भिंतीत खोचलेल्या या डबीकडे कुणी बघत नाही. खरं तर मोठी उलथापालथ तिच्यातच झाली आहे.

[दृश्य : उघडलेला एलिमिनेटर. लोखंडी पट्ट्या, तांब्याच्या तारेचे वेढे.]

हा एलिमिनेटरमधला ट्रान्सफॉर्मर. तो वीज चुंबकाच्या वाटेने एका वेढ्यातून दुसऱ्या वेढ्यात नेतो. आपल्याकडच्या विजेची आवर्तनं सेकंदाला फक्त 50, त्यामुळे दर खेपेचं ओझं मोठं आणि लोखंडी गाभाही मोठा लागतो. विहिरीवरून पाणी आणायचं तर हंडा घेऊन दोन खेपा करा, नाहीतर तांब्या घेऊन पळत पन्नास करा. माठ दोन्ही रीतींनी भरतो.

मोबाइलच्या चार्जरने तांब्या घेऊन पळायची रीत धरली. भिंतीतल्या 230 व्होल्ट एसीची आधी डीसी करायची. ती सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास जाते. मग एक इलेक्ट्रॉनिक स्विच तिला सेकंदाला 65 हजार, कधी लाखभर वेळा तोडतो. खेपा इतक्या झाल्या की फेराइट या चुंबकीय पदार्थाचा चिमुकला गाभा पुरतो. टीव्ही-कॉम्प्युटर दुरुस्त करणारे याला एसएमपीएस, म्हणजे स्विच मोड पॉवर सप्लाय, म्हणतात.

मग वेग आणखी वाढवून डबी आणखी लहान का नाही केली? कारण स्विच सिलिकॉनचा होता. चालूचा बंद होताना तो क्षणभर अधांतरी असतो, आणि त्या क्षणात वीज उष्णता होऊन वाया जाते. शिवाय दर वेळी स्विचच्या आत साठलेला विद्युतभार भरायचा आणि उपसायचा. खेपा दुप्पट केल्या की हे नुकसानही जवळपास दुप्पट. डबी लहान करावी, तर तीच तापून वितळायची.

[दृश्य : 65 वॅटच्या चार्जरचा सर्किट बोर्ड, जवळून.]

इथे गॅलियम नायट्राइड आलं, म्हणजे गॅलियम धातू आणि नायट्रोजनचं संयुग. दुकानात त्याला ‘गॅन’ म्हणतात. सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन मोकळा करायला 1.1 इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, गॅनमधला करायला 3.4. म्हणून गॅनचा पातळ थरसुद्धा मोठं व्होल्टेज सोसतो. थर पातळ, तर वीज अडायलाही कमी आणि भरायचा-उपसायचा भारही कमी. त्यामुळे गॅनचा स्विच सेकंदाला कित्येक लाख वेळा मारता येतो.

हा पदार्थ तुमच्या घरात आधीपासून आहे, डोक्यावरच्या एलईडी दिव्यात. जपानमध्ये नागोया विद्यापीठात इसामु अकासाकी आणि हिरोशी अमानो, तर निचिया कंपनीत शुजी नाकामुरा गॅनचे स्फटिक वाढवत होते, तेव्हा त्यांना निळा प्रकाश हवा होता. निळ्या एलईडीसाठी तिघांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. दिव्यासाठी केलेली ती मेहनत चार्जरच्याही कामी आली. 2020 मध्ये शाओमीने 65 वॅटचा गॅन चार्जर आणला, 2021 मध्ये ॲपलने 140 वॅटचा.

उष्णतेचा हिशोब मात्र चुकत नाही. कार्यक्षमता 90 टक्के धरली, तरी 65 वॅट देताना सात वॅट उष्णता त्या एवढ्याशा डबीतून बाहेर पडायला हवी. म्हणून चार्जर गादीवर, उशीखाली ठेवू नका. आणि नुसतं ‘गॅन’ छापलेलं बघून घेऊही नका. बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा, तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो.

[दृश्य : टाइप-सी केबल फोनला जोडली जाते.]

केबल लावली की चार्जर एकदम 20 व्होल्ट सोडत नाही. आधी पाचच. मग टाइप-सीच्या एका वेगळ्या तारेवरून तो आपल्याकडे काय काय आहे ते सांगतो, आणि फोन त्यातलं हवं ते मागतो. याला पॉवर डिलिव्हरी म्हणतात. 2021 पासून तिची मर्यादा 240 वॅट आहे. काही कंपन्यांचे फोन मात्र पूर्ण वेगासाठी स्वतःचीच भाषा बोलतात. मग हजारोंचा चार्जर घेऊनही फोन रेंगाळत भरतो. युरोपीय संघाने 28 डिसेंबर 2024 पासून नव्या फोनना टाइप-सी सक्तीचं केलं. तोंड एक झालं, भाषा अजून पुरती एक व्हायची आहे.

केबलच्या दुसऱ्या टोकाला, बॅटरीत, सिलिकॉनचं महत्त्व उलट वाढतं आहे. नेहमीच्या बॅटरीतल्या ग्राफाइटच्या एका ग्रॅममध्ये 372 मिलिअँपिअर-तास मावतात, सिलिकॉनमध्ये त्याच्या नऊ-दहा पट. पण भरताना सिलिकॉन तिप्पट-चौपट फुगतं आणि तडकतं. म्हणून ते कार्बनच्या सच्छिद्र सांगाड्यात बसवतात. जाडी न वाढवता फोनमध्ये सात हजार मिलिअँपिअर-तासांची बॅटरी येते, ती यामुळे.

[दृश्य : बॉक्साइटची तांबूस खाण.]

आता गॅलियमकडे. 30 अंशांना वितळणारा हा धातू आपल्या मे महिन्यात कपाटातसुद्धा पातळ होईल. त्याची वेगळी खाण नसते. बॉक्साइट या ॲल्युमिनियमच्या खनिजापासून ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, करताना उरणाऱ्या द्रावातून तो काढतात. बॉक्साइटच्या टनामागे तो सरासरी 50 ग्रॅमच्या आसपास असतो. जगातलं जवळजवळ सगळं कच्चं गॅलियम चीन काढतो. त्याच्या स्वस्त मालापुढे जर्मनीतलं उत्पादन 2016 मध्ये थांबलं, आणि ऑगस्ट 2023 मध्ये चीनने निर्यातीला परवान्याची अट घातली.

बॉक्साइट कोल्हापूरच्या सड्यांवरही आहे. राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाडीच्या खाणीतलं ते बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्यात जात आलं आहे. द्रावातून गॅलियम काढायची पद्धत काही गुपित नाही. पण ॲल्युमिनावाल्यांच्या हिशोबात ती चिल्लर कमाई, आणि तिच्यासाठी वेगळं यंत्र उभं करायचं तर चीनच्या भावाशी झुंजावं लागतं.