कट, तार आणि चीज नसलेला पिझ्झा

(दृश्य: कोरेगाव पार्क, संध्याकाळ. वडाच्या पारंब्यांखालून येणारी रिक्षा.)

सदाशिव पेठ ते कोरेगाव पार्क हे अंतर तसं फार नाही. पण आत्याच्या हिशेबात स्टेशन ओलांडलं की गाव बदलतं. पिझ्झाचं तिला वावडं नाही, नातवंडांबरोबर खाल्लाय. आज जिथे चाललोय तिथे दूध नाही, लोणी नाही, चीज नाही, मधसुद्धा नाही, हे ऐकल्यावर मात्र रिक्षात तिने विचारलं, "मग इतकी वर्षं शुद्ध शाकाहारी म्हणून मिरवलो ते आपण कोण?"

पाकिटावरच्या आपल्या हिरव्या ठिपक्यात दूध बसतं. ज्या शहरात पाहुण्याला मस्तानी पाजल्याशिवाय सोडत नाहीत, तिथे ते बसणारच. 'व्हीगन' हा शब्द इंग्लंडमधला, १९४४ सालचा. दूध-अंडीही सोडलेल्या मूठभर शाकाहाऱ्यांनी वेगळी संस्था काढली आणि स्वतःसाठी हा शब्द घडवला. आपल्याकडे अशा पदार्थांसाठी वेगळे नियम आणि वेगळं चिन्ह आलं ते २०२२ मध्ये.

(दृश्य: छोटं हॉटेल. सहा-सात टेबलं, मागे उघडं स्वयंपाकघर.)

हॉटेल चालवणारी मुलगी तिशीतली. आत्याने बसायच्या आधीच विचारलं, "दुधाने काय घोडं मारलंय?" मुलीने भाषण दिलं नाही. एवढंच म्हणाली, "काकू, म्हैस व्यायल्याशिवाय दूध नाही. आणि रेडा झाला तर त्याला कोण ठेवून घेतं?" आत्या गप्प. मग माझ्याकडे बघून हळूच, "खरवस मागून मागून खाल्लाय रे आपण." हा विषय त्या संध्याकाळी पुन्हा निघाला नाही.

(दृश्य: ओट्यावर पिठाचे गोळे. हाताने पसरली जाणारी पोळी.)

पीठ आदल्या दिवशी मळलेलं. मैदा, पाणी, मीठ, यीस्ट. फ्रीजमध्ये रात्रभर सावकाश फुगतं, त्यातून ती किंचित आंबूस चव येते. म्हणजे पिझ्झाचा पाया मुळातच व्हीगन. भानगड वरच्या थरापासून सुरू होते.

मोझरेलाला तार येते ती दुधातल्या केसीन या प्रथिनामुळे. तापलं की त्याची जाळी तुटत नाही, लांबत जाते. काजूत केसीन नाही. म्हणून इथे काजू भिजवून गंधासारखे वाटतात, आंबटपणासाठी विरजण लावतात (दुधाशिवाय वाढवलेलं), मीठ घालतात आणि खोबरेल तेल. हो, तेच, थंडीत बाटलीत गोठणारं. चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली ते घट्ट राहतं आणि ओव्हनमध्ये वितळतं; चीजकडूनही आपली हीच अपेक्षा असते. आणि तार? त्यासाठी टॅपिओकाचं पीठ. ज्या कंदापासून साबुदाणा होतो, त्याच कंदाचा स्टार्च.

आत्याचा चेहरा उजळला. "म्हणजे खिचडीचा गोळा होतो, ते!"

अगदी ते. खिचडीत ज्याला आपण नावं ठेवतो, त्याच्यावर इथे पिझ्झा उभा आहे.

(दृश्य: टेबलावर पहिला पिझ्झा. सिमला मिरची, कांदा, काजूचं चीज.)

गरम असताना तार आली. बोटभर. चव वाईट नव्हती, पण चीजचीही नव्हती. आत्याने दुसरा घास घेऊन निकाल दिला, "पंजाबी भाजीची ग्रेव्ही पोळीवर पसरलीये." मी थोडा उदार झालो असतो. पण पाच मिनिटांत तुकडा निवला, वरचा थर लुकणासारखा झाला आणि मला तिचंच खरं मानावं लागलं. शिवाय काजूचे भाव बघता हा पिझ्झा स्वस्त असूच शकत नाही.

मग मुलीने न मागवता दुसरा आणला. टोमॅटो, लसणाचे पातळ काप, ओरेगानो, ऑलिव्ह तेल. बस. आत्याला वाटलं, वरचं घालायचं राहिलंय.

राहिलेलं काही नव्हतं. हा मारिनारा. नेपल्समध्ये अस्सल पिझ्झाचे नियम सांभाळणारी संघटना आहे, १९८४ पासूनची. ती दोनच पिझ्झे अस्सल मानते. एक मार्गेरिटा, चीजवाला. दुसरा हा. त्यांच्या भट्टीत तो साठ ते नव्वद सेकंदांत भाजून निघतो, इथल्या विजेच्या ओव्हनला थोडा जास्त वेळ लागतो. कडेला काळे डाग, लसूण करपायच्या बेताला आलेला, टोमॅटो आटून गोड. कुणाची नक्कल नाही, म्हणून कुणाशी तुलनाही नाही. आत्याने कडा टाकल्या नाहीत, यावरून काय ते समजा.

(दृश्य: काचेच्या वाटीत चॉकलेट मूस. शेजारी मिक्सरमध्ये फुगणारा पांढरा फेस.)

गोडात अंड्याचा पांढरा भाग लागतो, फेसासाठी. इथे त्याऐवजी काबुली चणे शिजवलेलं पाणी. २०१४ मध्ये फ्रान्समधल्या एका गायकाच्या लक्षात आलं की हे पाणी फेटलं की अंड्यासारखं फुगतं. चण्यातली प्रथिनं आणि स्टार्च पाण्यात उतरतात, ती हवा धरून ठेवतात. त्याला आता 'अक्वाफाबा' असं भारदस्त नावही आहे.

आत्याने भांड्यात वाकून बघितलं. "अगं, हा तर कट!"

पुरणाची डाळ शिजवून निथळलेलं पाणी. घरोघरी त्याची आमटी होते. त्याचा फेस करायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. मूस तोंडात विरला आणि चण्याचा वास शोधूनही सापडला नाही. मला विचाराल तर इथे यावं ते मारिनारा आणि या वाटीसाठी.

शेवटी नारळाच्या दुधाचा पन्ना कोटा, म्हणजे जिलेटिनने थिजवतात तो इटालियन गोड पदार्थ, वर गुळाचा पाक. जिलेटिन हाडा-कातड्यातून काढतात, म्हणून इथे चायना ग्रास. आत्याने चमचाभर खाल्लं आणि म्हणाली, "आमच्या रत्नागिरीला गौरीच्या नैवेद्याला घावन-घाटलं असतं. घाटल्यात दुधाचा थेंब नाही. हे त्याच्या जवळ जातंय, पण गूळ वेगळा पडलाय."

मुलीने ऑर्डरची वही पुढे ओढली. आम्ही आवराआवर करत होतो, कॅमेरा बंद करायचा राहिला होता, म्हणून पुढचं आमच्याकडे आहे.

"तांदळाची पिठी आधी नारळाच्या पातळ दुधात शिजव. दुसऱ्या वाटणाच्या. गूळ मग. दाट दूध सगळ्यात शेवटी, आणि त्यानंतर उकळी येऊ द्यायची नाही."

"आली तर?"

"फाटतं. मग परत नारळ खवायला बस."