सीसी खाते फेडायचे म्हणजे नेमके काय करायचे?

(सोलापुरातील टॉवेल व चादर उत्पादकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

उद्योजक बंधू-भगिनींनो, मागासाठी घेतलेल्या मुदत कर्जाला हप्ता असतो आणि तो चुकला की लगेच कळते. रोजच्या व्यवहारासाठी मंजूर मर्यादेपर्यंत हवे तेव्हा काढता-भरता येणाऱ्या कॅश क्रेडिटला, म्हणजे आपल्या सीसीला, हप्ता नसतो. म्हणून ते फक्त वर्षाला नूतनीकरण करून पुढे ढकलायचे असते, असा समज रूढ झाला आहे. वस्तुतः या खात्याची परतफेड रोज चालू असते. सुतासाठी उचललेली रक्कम टॉवेल विकून, व्यापाऱ्याकडून वसूल होऊन त्याच खात्यात परत आली, की एक फेरा पुरा होतो. व्याज मंजूर मर्यादेवर नव्हे, तर दररोजच्या बाकीवर, म्हणजे फेडायच्या राहिलेल्या रकमेवर, आकारले जाते. त्यामुळे वसुलीचे 3 लाख रुपये 20 दिवस अन्यत्र पडून राहिले, तर 10 टक्के दराने सुमारे 1,640 रुपयांचे व्याज विनाकारण भरावे लागते.

रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीच्या सूत्राप्रमाणे छोट्या उद्योगाला अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या किमान 20 टक्के खेळते भांडवल बँकेने द्यावे, असे अभिप्रेत आहे. 2 कोटींच्या उलाढालीला 40 लाख मिळाले, असे धरू. मात्र हे 40 लाख सदैव उचलता येत नाहीत. उचल ठरते ती 'ड्रॉइंग पॉवर'वर, म्हणजे हातातला माल आणि येणी यांच्या आधारे त्या वेळी जेवढी रक्कम काढता येते तिच्यावर, आणि घोडे नेमके इथेच अडते. समजा, गोदामात 30 लाखांचा माल आहे, परंतु त्यातील 8 लाखांच्या सुताचे पैसे अजून द्यायचे आहेत. उरलेल्या 22 लाखांवर 25 टक्के मार्जिन, म्हणजे मालकाने स्वतः घालायचा वाटा, वजा जाता 16.50 लाख राहतात. 90 दिवसांच्या आतील येणी 24 लाख असून त्यांवर बँकेने 40 टक्के मार्जिन ठेवले असेल, तर 14.40 लाख मिळतात. एकूण 30.90 लाख; उचल एवढीच करता येते. जुनी उधारी बँक बहुधा हिशेबातच धरत नाही. म्हणजे वसुली रेंगाळली की मर्यादा कागदावर तशीच राहते आणि हाती येणारा पैसा आटतो. थंडीच्या हंगामासाठी चादरी आधीच विणून ठेवणाऱ्यांनी हा हिशेब दरमहा करावा आणि स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे माल व येणी यांचे बँकेला द्यायचे विवरण, खरे व वेळेवर द्यावे. फुगवलेले आकडे बँकेच्या तपासणीत उघडे पडतात, हे मी मुद्दाम सांगतो.

खात्यातील बाकी सलग 90 दिवस मर्यादेच्या किंवा ड्रॉइंग पॉवरच्या वर राहिली, त्या काळात काहीच जमा झाले नाही, किंवा जमेतून आकारलेले व्याजही भागले नाही, तर खाते अनुत्पादक, म्हणजे थकीत (एनपीए), ठरते. महिनाअखेरीस कुणाकडून तरी उसने आणून भरायचे आणि दुसऱ्या दिवशी काढून घ्यायचे, ही युक्ती बँकेच्या नजरेतून सुटत नाही.

सर्वांत घातक प्रकार म्हणजे सीसीतून यंत्र किंवा चिंचोळी औद्योगिक वसाहतीतला प्लॉट घेणे. तो पैसा मालाच्या फेऱ्यातून बाहेर पडतो आणि बाकी वर्षानुवर्षे मर्यादेला टेकून राहते. असे झालेच असेल, तर अडकलेल्या रकमेचे हप्त्यांच्या मुदत कर्जात रूपांतर करण्याचा प्रस्ताव घेऊन, खाते अजून नियमित आहे तोवरच, शाखा व्यवस्थापकांकडे जावे. त्यानंतर नफ्यातून दरमहा तो हप्ता निघतो की नाही, हे मालकाला स्वतःच्या घरखर्चाच्या उचलीसह तपासावे लागेल.