कोड पुसण्याआधी : डिझेल गाडीच्या उत्सर्जन-दोषाचे निदान

उपस्थित बंधुभगिनींनो, समोर गॅरेज चालवणारे, आयटीआयमध्ये शिकणारे आणि स्वतःची डिझेल गाडी असणारे असे तिन्ही प्रकारचे श्रोते दिसत आहेत, म्हणून मी थेट मुद्द्यालाच हात घालतो. दुरुस्त करून दिलेल्या गाडीचा डीपीएफचा, म्हणजे धुरातील काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, किंवा 'चेक इंजिन'चा दिवा काही आठवड्यांनी पुन्हा लागतो, यामागचे सर्वांत मोठे कारण माझ्या मते आपल्या कामाच्या पद्धतीत आहे. स्कॅनर जोडायचा, गाडीने नोंदवलेला दोषाचा कोड वाचायचा, लगेच पुसायचा आणि दिवा विझला की चावी मालकाच्या हातात द्यायची, ही ती पद्धत. कोडबरोबर त्या क्षणाची जी नोंद पुसली जाते, ती पुन्हा मिळवण्यासाठी दोष परत उद्भवण्याची वाट पाहावी लागते आणि तोपर्यंत मालकाचे पैसे आणि आपली पत, दोन्ही गेलेले असते. निमंत्रणपत्रिकेवर 'निदानाचा क्रम' असा विषय छापला आहे. त्याच्याकडे मी येणारच आहे, परंतु हा क्रम का पाळायचा हे आधी पटले पाहिजे.

पार्श्वभूमी आपणा सर्वांना ठाऊक आहे. १ एप्रिल २०२० रोजी देशभर भारत स्टेज ६ (बीएस-६) हे उत्सर्जनाचे मानक लागू झाले आणि आपण पाचवी पायरी गाळून चौथीवरून थेट सहावीवर गेलो. डिझेल मोटारीला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कण सोडण्याची मुभा होती, ती ४.५ मिलिग्रॅमवर आली. नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा २५० वरून ८० मिलिग्रॅमवर आली आणि डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आणले गेले. एवढी स्वच्छता नुसत्या इंजिनकडून होण्यासारखी नव्हती, म्हणून एक्झॉस्टच्या वाटेत डीपीएफ येऊन बसला. त्याच्या बारीक नळ्या एकाआड एक विरुद्ध टोकांना बंद केलेल्या असतात, त्यामुळे धुराला सच्छिद्र भिंतीतून आरपार जावे लागते आणि काजळी अलीकडे अडकते. ही काजळी साधारण ६०० अंश सेल्सिअसला जाळून टाकायची असते. त्यासाठी ईसीयू, म्हणजे गाडीचा संगणक, इंजिनला उशिरा जादा डिझेल देतो आणि एक्झॉस्ट तापवतो. गॅरेजच्या भाषेत याला आपण 'रिजन' म्हणतो.

शेतकरी मंडळींना हे समजावून सांगावे लागत नाही, कारण ठिबकच्या फिल्टरला अलीकडे आणि पलीकडे असे दोन प्रेशर गेज त्यांनी रोज पाहिलेले असतात. दोन्हींतला फरक वाढला की फिल्टर तुंबला, आणि तो धुऊनही रोज तुंबू लागला तर कोणी नवा फिल्टर आणायला धावत नाही, विहिरीत डोकावतो. डीपीएफलाही असेच अलीकडे-पलीकडे दाब मोजणारे साधन आहे. तुंबण्याची तक्रार ते करते, पण काजळी कोणी पाठवली किंवा ती जळली का नाही, हे त्याला ठाऊक नसते.

आता ज्या गाडीमुळे हा आग्रह माझ्या मनात पक्का झाला तिची हकिगत सांगतो. जरा लांबेल, पण त्यात सगळे आहे.

निफाड तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदारांची दीड लिटर डिझेल इंजिनाची, बीएस-६ची गाडी. डिसेंबरमध्ये डीपीएफचा दिवा लागला. ते ज्या वर्कशॉपमध्ये जात, तेथे स्कॅनरवर पी २४६३, म्हणजे काजळी साठून फिल्टर तुंबल्याचा कोड आला. त्यांनी उभ्या गाडीवर फोर्स्ड रिजन, म्हणजे स्कॅनरवरून हुकूम देऊन घडवलेले रिजन, करून कोड पुसला आणि सल्ला दिला की गाडी गावात फिरवू नका, हायवेला पळवा. सल्ला सर्वसाधारणपणे योग्यच आहे, कारण पुण्या-मुंबईच्या रहदारीत रोज चार-पाच किलोमीटर चालणाऱ्या डिझेल गाडीचे रिजन पूर्ण होणे खरोखरच अवघड असते. परंतु या गृहस्थांची गाडी रोज निफाड-नाशिक करत होती आणि दर पंधरवड्याला पुण्यालाही जात होती. गाडी कुठे चालते, हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नाही. जानेवारीत दिवा पुन्हा लागला, पुन्हा फोर्स्ड रिजन झाले. तिसऱ्या खेपेला ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप, काढून साफ केला. तो काळाकुट्ट निघाला आणि सगळ्यांचे समाधान झाले, कारण काळा ईजीआर पाहिल्यावर चोर सापडल्यासारखे वाटते. वास्तविक एवढ्या किलोमीटर चाललेल्या कोणत्याही डिझेल इंजिनाचा ईजीआर काळाच निघतो.

त्यानंतर मार्च ते ऑक्टोबर दिवा लागला नाही. वर्कशॉपचे म्हणणे खरे ठरले, बागायतदारही खूश झाले. नोव्हेंबरच्या अखेरीस थंडी पडली आणि दिवा परत आला. या वेळी त्यांना लाखाच्या घरात जाणारे नव्या डीपीएफचे एस्टिमेट मिळाले आणि ते कागद घेऊन ते माझ्याकडे आले. "सर, द्राक्षाचा पैसा यायला अजून तीन महिने आहेत," एवढेच ते म्हणाले.

कोड नुकताच पुसलेला असल्यामुळे त्या दिवशी स्कॅनरवर पाहण्यासारखे काहीच नव्हते. मी त्यांना म्हटले, "भाऊसाहेब, पुढच्या वेळी दिवा लागला की कोणालाही हात लावू देऊ नका, आहे तशी गाडी घेऊन या." आठवडाभरात ते आले. दोन कोड होते. पहिला आपला परिचित पी २४६३. दुसरा अजून पक्का न झालेला, पेंडिंग अवस्थेतला पी ०१२८, ज्याचा अर्थ कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी, थर्मोस्टॅटच्या (ते तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणाऱ्या झडपेच्या) नियोजित तापमानापर्यंत पोहोचत नाही. फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड नोंदला गेला त्या क्षणाचे इंजिनाचे आकडे, उघडून पाहिली. इंजिन सुरू होऊन ३१ मिनिटे झाली होती, वेग ताशी ७४ किलोमीटर होता आणि कूलंटचे तापमान ६१ अंश होते. अर्धा तास महामार्गावर चाललेल्या निरोगी इंजिनाचे कूलंट ८५ ते ९० अंशांच्या आसपास असायला हवे. मग मी त्यांची बिलांची फाइल चाळली, तर पहिल्याच डिसेंबरच्या स्कॅन रिपोर्टवर दुसऱ्या ओळीत तोच पी ०१२८ छापलेला होता. प्रत्येक वेळी तो पहिल्या कोडच्या जोडीने पुसला गेला होता.

सेन्सर खोटे बोलत असण्याची शक्यता होतीच, म्हणून रात्रभर थंड झालेल्या गाडीवर सकाळी कूलंट, आत येणारी हवा आणि एक्झॉस्ट यांचे सेन्सर एकमेकांशी ताडून पाहिले. सगळे जवळपास सारखेच, त्या थंड सकाळला शोभेल असे तापमान दाखवत होते, म्हणजे सेन्सर शहाणा होता. इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवला. थर्मोस्टॅट बंद असेल तर इंजिन तापेपर्यंत हा होज थंड राहायला हवा, पण तो इंजिनाबरोबरच हळूहळू कोमट होऊ लागला. थर्मोस्टॅट काढला, तेव्हा झडप आणि तिची बैठक यांच्यामध्ये गॅस्केट सीलंटचा घट्ट झालेला तुकडा अडकलेला होता, आणि थंड अवस्थेतही त्या फटीत नख सहज शिरत होते. पूर्वी कधी तरी झालेल्या दुरुस्तीत कोणी तरी सीलंट सढळ हाताने लावला असणार.

आता साखळी लक्षात घ्या. कूलंट पुरेसे तापत नाही तोवर ईसीयू रिजनला परवानगी देत नाही, किंवा सुरू झालेले रिजन मध्येच सोडून देतो. थंड इंजिनात ज्वलन अपुरे होते म्हणून काजळी जास्त तयार होते, आणि जाळण्याची संधी मात्र कमी मिळते. उन्हाळ्यात बाहेरची हवाच एवढी तापलेली असते की फट राहिलेल्या थर्मोस्टॅटनेही इंजिन जेमतेम हवे तेवढे गरम होते, आणि निफाडच्या थंडीत ते होत नाही. ईजीआर साफ केल्याचे जे यश मानले गेले, ते श्रेय मार्च महिन्याचे होते. चालकाला यातले काही दिसत नाही, कारण अनेक नव्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, आणि ज्यांत असतो त्यांतील बहुतेकांचा काटा बऱ्याच मोठ्या पट्ट्यात मध्यभागीच स्थिर ठेवलेला असतो.

आणखी एक गोष्ट या गाडीत मिळाली. डिपस्टिकवर ऑइल 'मॅक्स'च्या खुणेच्या वर होते आणि त्याला डिझेलचा वास येत होता. वारंवारच्या आणि अर्धवट सुटलेल्या रिजनमधले जादा डिझेल पिस्टन रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरले होते. ऑइल कमी होत नाही म्हणून आनंद मानणाऱ्या मालकांना माझी हात जोडून विनंती आहे की ऑइलची पातळी वाढत असेल तर त्याच दिवशी गॅरेज गाठावे, कारण पातळ झालेले ऑइल टर्बोचे आणि क्रँकचे बेअरिंग खाते.

"माझी पीयूसी तर पास आहे," हे वाक्य प्रत्येक व्याख्यानात मला कोणी तरी ऐकवतोच, म्हणून त्याविषयीही बोलतो. आपल्याकडे डिझेल गाडीच्या पीयूसीमध्ये उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून धुराची घनता मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड त्यात मोजलेच जात नाही. तुंबलेला डीपीएफ काजळी अडवतच असतो, त्यामुळे आजारी गाडीही ही परीक्षा आरामात उत्तीर्ण होते. याच आधारावर काही ठिकाणी डीपीएफ कापून आतून पोकळ करतात आणि ईसीयूचा प्रोग्रॅम बदलून दिवा कायमचा बंद करून देतात. हे काम करणारे हात कुशल असतात, याचेच मला अधिक दुःख होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली प्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. परंतु कायद्याचा धाक बाजूला ठेवला तरी, ज्या गाडीचा थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे तिचा फिल्टर फोडून आपण नेमके काय दुरुस्त केले, हा प्रश्न उरतोच. इंजिन थंडच राहते, जादा डिझेल जळतच राहते, आणि पूर्वी फिल्टरमध्ये अडणारी काजळी शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या मुलांच्या श्वासात जाते.

संयोजकांनी घड्याळ दाखवले आहे, तेव्हा जाहीर केलेला क्रम आता झपाट्याने सांगतो. विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावा.

कोड पुसण्याआधी पक्के, पेंडिंग आणि जुने असे सगळे कोड फ्रीझ फ्रेमसह छापून किंवा फोटो काढून जॉब कार्डला, म्हणजे त्या गाडीच्या कामाच्या नोंदपत्रिकेला, जोडा, आणि मालकाला गाडी कुठे, किती अंतर, कोणत्या ऋतूत चालते ते विचारा. कित्येक गाड्या टाकीत डिझेल कमी असतानाही रिजन करत नाहीत, त्यामुळे तेही विचारावे. त्यानंतर स्विच ऑन आणि इंजिन बंद ठेवून डीपीएफच्या दाबातील फरक पाहा. तो शून्याच्या अगदी जवळ हवा. तसा नसेल तर फिल्टरला बोल लावण्याआधी सेन्सर आणि त्याच्या दोन रबरी नळ्या तपासा. नळी चिरलेली असते, काजळीने बुजलेली असते, कधी उलटसुलट जोडलेलीही सापडते.

पुढे काजळी वाढवणाऱ्या जागा पाहायच्या. टर्बोपासून इंटरकूलर आणि तेथून मॅनिफोल्डपर्यंतच्या होजच्या सांध्यावर तेलकट काळा डाग असेल तर मोजलेली हवा तिथून निसटते आहे आणि इंजिनाला डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे. ईजीआर खोलण्याऐवजी स्कॅनरवरून उघडझाप करून हवेचा प्रवाह पाहावा. व्हॉल्व्ह उघडला की आत येणारी हवा मोजणाऱ्या मास एअरफ्लो सेन्सरचा आकडा उतरला पाहिजे आणि बंद केला की चढला पाहिजे. इंजेक्टरची परतीची गळती मोजा आणि नवा इंजेक्टर बसवल्यास त्याचा कोड ईसीयूला भरवायला विसरू नका.

ऑइल कमी राखेच्याच प्रतीचे, निर्मात्याने सांगितलेले वापरा, कारण ऑइलमधून येणारी राख कोणत्याही रिजनने जळत नाही आणि ती भरली की मगच फिल्टर खऱ्या अर्थाने संपतो. स्कॅनरवर राखेचा हिशोब काजळीपेक्षा वेगळा दिसतो. तो पाहिल्याशिवाय नव्या फिल्टरचे एस्टिमेट देऊ नये.

दुरुस्तीनंतर फोर्स्ड रिजन एकदाच करा, ऑइल बदला आणि स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे चालत्या गाडीचे आकडे, लावून गाडी रस्त्यावर न्या. कूलंट नेमून दिलेल्या तापमानावर स्थिर राहते आणि पुढच्या काही दिवसांत ईसीयू स्वतःहून रिजन सुरू करून ते पूर्ण करतो, हे डोळ्यांनी पाहिल्यावरच जॉब कार्ड बंद करा. निफाडच्या त्या गाडीचे जॉब कार्ड मी नोव्हेंबरमध्ये उघडले आणि जानेवारीची थंडी निघून गेल्यावर बंद केले.