पुलाखाली थांबू नका

हा व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी बघितला असेल. 26 एप्रिल 1991, अमेरिकेतलं कॅन्सस राज्य, एल डोराडो गावाजवळचा हायवे. टीव्ही चॅनलची टीम गाडीत आहे, टॉर्नेडो मागे लागलाय आणि कॅमेरा चालूच आहे. पुलापाशी गाडी थांबवतात, बाजूचा उतार धावत चढतात आणि अगदी वर, गर्डरच्या खाचेत अंग चोरून बसतात, सोबत रस्त्यावरची अजून काही माणसं. आता आवाज ऐका...

आणि हे बघा, सगळे उठून उभे राहिले, धडधाकट.

हा व्हिडिओ वर्षानुवर्षं टीव्हीवर फिरत राहिला आणि लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं की टॉर्नेडो दिसला की पूल गाठायचा. आपल्याकडे पाऊस आला की बाइक पुलाखाली लावतातच, त्यामुळे आपल्यालाही ते पटकन पटतं. पण तो टॉर्नेडो कमजोर होता, बरोब्बर पुलावरून गेलाही नव्हता आणि लपायला खाच मिळेल असे पूल फार कमी असतात. त्याच दिवशी, त्याच राज्यात अँडोव्हर भागातून गेलेल्या एफ-5, म्हणजे सगळ्यात ताकदवान वर्गातल्या, टॉर्नेडोने 17 जीव घेतले, ते दृश्य मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

पुलाखाली होतं काय ते नीट समजून घ्या. जमिनीला अगदी लागून वारा घासला जातो म्हणून जरा मंदावतो, जसजसं वर जाल तसा वेग वाढतो, म्हणजे उतार चढून गर्डरजवळ गेलात की तुम्ही स्वतःहून जास्त वाऱ्यात गेलात. त्यात पुलाखालची जागा अरुंद, पाइपचं तोंड अंगठ्याने दाबलं की पाणी जसं जोरात सुटतं तसाच वारा तिथून सुटतो. टॉर्नेडो पुढे सरकतो तशी वाऱ्याची दिशाही फिरते, त्यामुळे या भिंतीला टेकलो म्हणजे वाचलो असं काही नाही. आणि वारा एकटा येत नाही हो, हा पत्रा बघा, या फळ्या, या काचा, माणसं जास्त करून याच उडत्या वस्तूंनी मरतात.

3 मे 1999, ओक्लाहोमा. ब्रिज क्रीक आणि मूर भागातून गेलेल्या या टॉर्नेडोत रडारने ताशी 480 किलोमीटरच्या आसपास वेग मोजला. त्या दिवशी तीन वेगवेगळ्या पुलांखाली थांबलेल्यांपैकी एकेक जण गेला, कितीतरी जखमी झाले. त्यातला तिसरा पूल तर दुसऱ्याच, बऱ्याच कमी ताकदीच्या टॉर्नेडोच्या वाटेत होता.

टेक्सास, ओक्लाहोमाकडे आपली बरीच मंडळी राहतात, हायवेने सतत ये-जा करतात, त्यांना खास सांगणं आहे. टॉर्नेडो लांब असेल तर त्याच्या वाटेला काटकोनात गाडी काढा आणि पक्की इमारत गाठा, सगळ्यात खालचा मजला, खिडकी नसलेली आतली खोली, बाथरूम असेल तरी चालेल. तो डावी-उजवीकडे सरकताना दिसत नसेल, नुसता मोठा होत असेल, तर तो तुमच्याकडेच येतोय. काहीच जमलं नाही तर गाडीपासून लांब, रस्त्यापेक्षा खोल असलेल्या खड्ड्यात किंवा चरात पालथं पडायचं, दोन्ही हातांनी डोकं आणि मान झाकायची. आणि पुलाखाली गाडी लावून रस्ता अडवू नका, मागून येणाऱ्यांना पळायला तेवढीच वाट असते.